बेडकीचा पाला

गुऱ्हाळ लागायच्या आधीच आकारामच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, आणि गुऱ्हाळ लागलं तरी ती भरेना.

गुऱ्हाळाचं चुलवाण सारवून, पेटवून बघताना निखारा उडून अंगठ्यावर पडला होता. पडला तो त्याला कळलाही नाही. घरी आल्यावर पाय धुवायला पाणी देताना त्याच्या बायकोनं, बायडाबाईनंच बघितलं. करंगळीएवढा फोड, आणि भोवतीनं कातडं करपलेलं.

"आवं, ह्ये काय झालंय?"

"कुठं काय झालंय?" म्हणत तो वाकून बघायला लागला, तेव्हाच तिला भाऊ आठवला. तिच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. त्याच्या टाचेत काटा मोडलेला त्याला कळला नव्हता. साखरेच्या दुखण्यानं त्याचा पाय गुडघ्यापासून नेला आणि पुढच्या पावसाळ्यात त्यालाही नेलं, आणि तेच दुखणं आकारामलाही होतं.

आकाराम गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर होता. कसबा बावड्याच्या कडेला, नदीकडच्या रानात गणपतरावांचं गुऱ्हाळ होतं, आणि गणपतराव नुसते नावाचे मालक. रसाची मोठी कढई, म्हणजे काईल, चढल्यापासून उतरेपर्यंत तिथं चालायचा तो आकारामचा शब्द. जाळ कमी करा म्हणाला की कमी, वाढवा म्हणाला की जास्त. उकळत्या रसाचा वास बदलला की लांबूनच त्याला कळायचं. त्याचा ल्योक पिराजी चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं ढकलायचा. बाप काईलीवर आणि पोरगा जाळावर, असा त्यांचा हंगाम जायचा.

नाक्यावरच्या डॉक्टरनं जखम बघितली, रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आकाराम, साखर लई चढलीया. आता सकाळची एक गोळी पुरायची न्हाय. दोन्ही येळेला घ्यायची. आनि उतरली न्हाय तर अंगठा काढाय लागंल, आत्ताच सांगून ठिवतो."

बाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. त्यानं आत येऊन, कारल्याचा रस चालेल का, म्हणून विचारलं. डॉक्टर त्याच्यावर खेकसला, "झाडपालाच खायचा हुता तर हितं कशाला आलास?" म्हातारा ओशाळून खाली बघत राहिला. बायडाबाईनं ते बघितलं आणि ध्यानात ठेवलं.

अंगठा काढायचा म्हटल्यावर तिला घास गोड लागेना. शेजारणीनं सांगितलं म्हणून ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चनबसाप्पाच्या दुकानात गेली. मुळ्या, साली, हिरडे-बेहडे, विभूती, धूप असलं सगळं त्या दुकानात मिळायचं. चनबसाप्पा सीमाभागाकडचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि परकी बाई असली तरी तिला तंगी म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एका डब्यातून वाळलेला पाला काढला.

"ह्यो बेडकीचा पाला. गुडमार म्हंत्यात. मी सोता किती वर्सं खातोय, बघ माझ्याकडं. पानं चावून वर साखर टाक तोंडात, वाळू लागतीया वाळू! अनशापोटी घ्यायचा."

"त्यास्नी गोळी चालू हाय की, आप्पा."

"असू दे की. ह्यो काय औषध न्हवं, झाडाचा पाला हाय. त्येनं वाईट काय हुनार? झाला तर गुनच."

पुडी बांधून त्यानं तिच्या हातात ठेवली आणि पैसे मागं सारले. "अंगठा वाचू दे त्येचा. मग ये नारळ घिऊन."

एका बैलानं गाडी निघत नसेल तर दुसरा जोडायचा, एवढंच बायडाबाईच्या मनात होतं. सकाळी गोळी आणि तिच्याबरोबर पाला. आकारामनं कुरकूर केली नाही. अंगठ्याची भीती त्यालाही होती, फक्त तो बोलून दाखवत नव्हता.

पहिल्यांदा बरं वाटलं. त्याची तहान कमी झाली, रात्रीची उठबस कमी झाली. अंगठ्याच्या कडेनं थोडी लाली आली असं बायडाबाईला वाटलं, आणि तिनं मनातल्या मनात चनबसाप्पाला हात जोडले.

मग ज्ञानूचा ऊस गुऱ्हाळावर आला.

ज्ञानू नदीकाठचा शेतकरी, तोंडानं फटकळ पण रानाला जपणारा. त्याचं पहिलं आधण, म्हणजे एका काईलीचा शिजलेला रस, उतरलं, निवायच्या वाफ्यात ओतलं, घोटून झालं. रिवाजाप्रमाणं आकारामनं चिमूटभर गूळ तोंडात टाकला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"खारट हाय."

"काय?" ज्ञानू पुढं आला.

"खारट लागतोय. रान मिठाळलंय तुजं."

"माझं रान? आरं, उभ्या बावड्यात माझ्या रानागत रान न्हाय!" ज्ञानूनं मूठभर गूळ उचलून तोंडात घातला, चघळला, आणि आजूबाजूच्या गड्यांना वाटला. "खावा रं. सांगा, खारट हाय?"

गडी एकमेकांकडं बघायला लागले. गूळ मधासारखा गोड होता. गणपतरावांनी खाल्ला, त्यांनी मान हलवली. आकारामनं परत चिमूट घेतली. तोंडात ओली माती घेतल्यासारखं त्याला झालं. गोड नावाला नाही, राहिला तो नुसता खार. सकाळी राहून गेलेला पाला त्यानं आधण उतरताना चघळला होता, पण त्याचं आणि ह्याचं नातं त्याच्या डोक्यात आलं नाही.

"गुळव्याची जीभ गेली म्हनायची," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हसू फुटलं.

 आकारामनं बादलीतलं पाणी घेऊन चूळ भरली आणि काईलीकडं पाठ फिरवून उभा राहिला. घरी आल्यावर भाकरीला हात लावला नाही. "सोळाव्या वर्सापासनं काईलीवर हाय मी," एवढंच म्हणाला आणि घोंगड्यावर पडला.

त्या दिवसापासून त्याचं बिनसत गेलं. हात थरथरायचे. दुपार कलायला लागली की अंगाला दरदरून घाम सुटायचा. चुलवाणाच्या धगीचा घाम सगळ्यांनाच असतो, पण ह्याचा घाम गार असायचा. पिराजीवर उगीच ओरडायचा, मग आपण काय ओरडलो ते त्यालाच आठवायचं नाही. एकदा चालताना भेलकांडला, तर गणपतरावांनी जवळ घेऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. गड्यांच्या देखत.

"आकाराम, परत सुरू केलीस काय?"

"मालक, पिराजी जलमला तवा सोडलीया. पुन्हा थेंब न्हाय."

"मग पाय का लटपटत्यात?"

आकाराम परत काईलीकडं वळला. पिराजीनं घरी येऊन ते आईला सांगितलं. बायडाबाईनंही, आकाराम झोपल्यावर, वाकून वास घेतला. वास कशाचाच नव्हता. मग तिनं आपलं एक अनुमान बांधलं. हातपाय कापतात, घाम येतो, अंगात त्राण नाही, म्हणजे साखर परत वाढली असणार. भावाचंही शेवटी शेवटी असंच व्हायचं. पाला कमी पडत असेल.

डॉक्टरकडं जायचं तिच्या मनात आलं, पण त्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्याचं खाली घातलेलं तोंड आठवलं. तिनं पाला दोन वेळचा केला. वाळकी पानं उकळून, अर्धं पाणी आटवून, कडू काढा करून ती स्वतःच्या हातानं पेला त्याच्या तोंडाला लावायची.

एका सोमवारी ती भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेली तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. सकाळी काढा आणि गोळी घेऊन आकाराम तसाच बाहेर पडला होता. इंजिन बिघडल्यानं घाणा उशिरा सुरू झाला, आणि आधण उतरल्याशिवाय गुळव्या जेवत नसतो.

काईल भरून उकळत होती. रस घट्ट होऊन मोठमोठे बुडबुडे फुटत होते. आता थोडाच वेळ, मग गडी लागून काईल उतरवायची. गडी दांडे घेऊन उभे होते आणि आकारामच्या तोंडाकडं बघत होते. आकाराम हलत नव्हता. त्याच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं काईलीच्या कडेवर टेकलेलं होतं. सदरा पाठीला चिकटला होता.

"आण्णा, उतरायची काय?" पिराजीनं खालून विचारलं.

"बैलं सोडली काय रं, दौलू?" आकाराम म्हणाला.

सगळे चपापले. बैलांचा घाणा जाऊन जमाना झाला होता. आणि दौलू हा आकारामचा भाऊ, तो वारूनही बरीच वर्षं झाली होती.

"आण्णा, मी पिराजी!"

"बैलास्नी पानी दाव," म्हणत आकारामनं पाऊल उचललं. काईलीच्या दिशेनं. समोर वाट असावी तसं.

बायडाबाईच्या डोक्यावरची भाकरीची बुट्टी खाली पडली. तिची किंकाळी निघायच्या आधी पिराजीनं हातातलं चिपाड टाकून उडी घेतली होती. त्यानं मागून बापाच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं मातीत पडले. फावडं काईलीत गेलं, रस उसळला, पिराजीच्या दंडावर शिंतोडे उडाले. तो ओरडला, पण त्यानं मिठी सोडली नाही.

गडी भानावर येऊन काईल उतरवेपर्यंत आधण लागलं होतं. करपल्याचा उग्र वास रानभर पसरला. आकाराम मातीत पडून डोळे फिरवत होता, दातखीळ बसल्यासारखे ओठ आवळत होता, आणि त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"झटका आला."

"कुनीतरी करनी केलीया."

"कसली करनी? उपाशी हाय मानूस," ज्ञानू म्हणाला. भांडण विसरून तो धावत आला होता. त्यानं मडक्यातली काकवी पळीत घेतली. "शुद्ध हाय तवर चाटवा जरा. भवळ आली असंल."

बायडाबाईनं त्याच्या हाताला असा हिसडा दिला की काकवी तिच्याच लुगड्यावर सांडली.

"न्हाय! गोड न्हाय घालायचं! साखर हाय त्यास्नी, साखर! मारतासा काय माझ्या धन्याला?"

ज्ञानू पळी घेऊन तसाच मागं सरला. सगळीकडं गूळ होता, वाफ्यात, पोत्यांवर, गड्यांच्या हातापायांना चिकटलेला. त्यातला कणभरही कुणी आकारामच्या जिभेवर ठेवला नाही.

गणपतरावांच्या जीपमधून त्याला कोल्हापुरात दवाखान्यात नेलं. वाटेत त्याचं डोकं बायडाबाईच्या मांडीवर होतं. ती त्याचं कपाळ पुसत होती, आणि पुसलेलं कपाळ लगेच भिजत होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, आकडा बघितला आणि नर्सला ओरडून काहीतरी सांगितलं. हाताच्या शिरेत मोठी सुई हळूहळू रिकामी झाली. थोड्या वेळानं आकारामच्या पापण्या हलल्या. त्यानं वरच्या पंख्याकडं बघितलं, मग पिराजीकडं.

"आधण उतरलं काय?"

पिराजी भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. बायडाबाईनं विचारलं, "बाई, कशाचं इंजेक्शन दिलंसा?"

"साखरेचं."

"साखरेचं?" तिनं लुगड्यावर सांडलेल्या काकवीकडं बघितलं.

"त्यांची साखर वाढली नव्हती, आजी. तळाला गेली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर डोळे उघडले नसते." डॉक्टरीणबाईनं कागद पुढं ओढला. "गोळी कुठली, ते कळलं. जेवले नव्हते, तेही कळलं. दुसरं काही देत होता का?"

"न्हाय," पिराजी म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

बायडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आता हीही खेकसेल. पोरासमोर, बाहेर मालकाला ऐकू जाईल असं म्हणेल, तूच मारत होतीस.  खाटेवर आकाराम तिच्याकडंच बघत होता, आणि त्यानं हळूच मान हलवली. सांगू नकोस म्हणून.

"पाला देत हुते," ती म्हणाली. "बेडकीचा. दोन येळेला. मीच देत हुते."

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. ती खेकसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि सगळं विचारून घेतलं, कधीपासून, किती, उकळून की चावून.

"तो पाला साखर उतरवतो. गोळीही साखर उतरवते. दोघांनी एकदम उतरवली, वर पोटात अन्न नाही."

"म्हंजे पाला इखारी हाय?"

"विषारी कुठं म्हणते मी? पाल्याच्या अंगी काही नसतं तर काही झालंच नसतं. गुण आहे, म्हणूनच सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर वराडला असता की डाक्टर," बायडाबाई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरीणबाईनं कागद बाजूला ठेवला. "व्हय," ती एकदम गावाकडच्या बोलीत म्हणाली. "वराडला असता. आमचंबी चुकतंय." मग उठून तिनं सलाईनची नळी तपासली. "आज त्यांना न्यायचं नाही. बरे दिसतील, पण गोळीचा अंमल लांबतो. साखर परत पडेल. घाम आला, बडबड करायला लागले, की लगेच हाक मारा."

बाहेर गणपतराव थांबले होते. तोडलेला ऊस वाळत पडला होता, दुसरा गुळव्या हंगामात मिळणं कठीण. आकाराम बोलतोय म्हटल्यावर ते आत आले. "उठला न्हवं? चल मग. हितं पडून काय करनार? काईलीजवळ नुसता बस, गडी करतील."

आकाराम लगेच उठून बसला. "येतो की मालक. पिराजी, ही नळी काढाय सांग."

"कुनी काय काढायची न्हाय," बायडाबाई म्हणाली.

"आगं, लोकांचा ऊस हाय."

"वाळू दे. गूळ जळला तर जळू दे. एकदा पिराजीनं धरलं, परत कोन धरनार हाय?" ती खाटेच्या कडेवर, त्याच्या पायाशी जाऊन बसली. "मालक, माफी करा. पर ह्ये आज येत न्हाईत."

गणपतरावांना बाईमाणसानं असं तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. आकारामचा चेहरा लालबुंद झाला. "लई शानी झालीस! तुझ्याच त्या पाल्यानं," तो सुरू झाला, आणि मग थांबेना. मालकासमोर, नर्ससमोर त्यानं तिच्या माहेराचा उद्धार केला, तिच्या मेलेल्या भावाचा केला. बायडाबाई मान खाली घालून ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर त्याच्या वरच्या ओठावर गेली. मिशीच्या केसांत घामाचे बारीक थेंब जमले होते. हात चादर चाळवत होता.

ती ताडकन उठली. "बाई! पळा, परत उतरली!"

सुई टोचली. उतरलीच होती. परत औषध शिरेत गेलं, सलाईन बदललं. शिव्या मध्येच तुटल्या आणि आकाराम दमलेल्या माणसासारखा उशीवर पडला. गणपतराव दाराशी उभे राहून ते सगळं बघत होते. ज्या तोंडाचा त्यांनी गड्यांदेखत वास घेतला होता, त्याच्याकडं त्यांना नीट बघता येईना. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे चार दिस," असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले.

साखर ताळ्यावर आली. अंगठा मात्र वाचला नाही. आतून सडला होता, डॉक्टरांनी तो काढला आणि पाऊल राखलं. आकारामनं एकदाही तक्रार केली नाही. पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत तो एवढंच म्हणाला, "अंगठ्याबिगार बी काईलीवर हुभं ऱ्हाता येतं. काय म्हनतीस?"

"ऱ्हाता येतं की," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

पुढच्या सोमवारी, त्याचं जेवण झालेलं डोळ्यांनी बघून, ती मंगळवार पेठेत गेली. चनबसाप्पा गादीवर बसून पुड्या बांधत होता.

"ये तंगी! अंगठा कसा हाय?"

"काढला." तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला, मग ताठ झाला. "माझ्या पाल्यानं आजवर कुनी मेलं न्हाय. माझा बाप देत हुता ह्यो पाला. मी सोता खातोय."

"तुमी गोळी घेता?"

"गोळी? कशाला? मी गोळीचं तोंडबी बघितलं न्हाय."

"त्येच सांगतोय न्हवं! ह्ये घेत हुते. मी पाल्याला नावं ठिवत न्हाय, आप्पा, आनि तुमालाबी न्हाय. तुमी मायेनं दिलासा, मी मायेनं पाजला. पर ज्येला ज्येला पाला दिलाय, त्यातलं कोन कोन गोळ्या खातंय, कवा इचारलंयसा?"

चनबसाप्पाच्या हातातला दोरा पुडीवर तसाच राहिला. तो रस्त्याकडं बघत होता, पण रस्ता बघत नव्हता.

"रुद्राणी," तो म्हणाला. "आमची अक्का. पेठ वडगावात असती, एकटी. मीच धाडलाय तिला पाला. गोळ्या हायत तिच्या. परवा शेजारी सांगत हुते, सकाळी आंगनात बसून ऱ्हाती, घामानं भिजती, मानसं वळखत न्हाय. आमी म्हनलं अंगात येतंय. देवीला नारळ दिला आमी, तंगी."

तो गादीवरून उतरला तो अनवाणीच. शेजारच्या फोनच्या दुकानात शिरला. अक्काच्या शेजाऱ्यांकडं फोन होता. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, तर कुणी उचलेना. चनबसाप्पाचं बोट त्या बटणांवर घसरत होतं. शेवटी कुणीतरी उचलला आणि अक्काला बोलवायला गेलं. ती यायला फार वेळ लावत होती. चनबसाप्पानं फोन बायडाबाईच्या हातात कोंबला. "तूच सांग. माझ्या तोंडातनं शबुद निघंना."

पलीकडून एक थकलेला, लांबचा आवाज आला. "कोन ते?"

"आक्का, मी बावड्याची बायडाबाई. तुमी मला वळखत न्हाय. आज पाला घेतलायसा?"

"घेतला की. गोळीबी घेतली."

"आनि खाल्लंय काय?"

"सोमवार न्हवं आज? उपास हाय."

बायडाबाईनं डोळे मिटले. "आक्का, घाम आलाय काय?"

"भिजलोय बघ. तू गंगव्वा काय गं?"

"व्हय, गंगव्वाच." आकारामनं मारलेली दौलूची हाक आठवून बायडाबाईचा आवाज चढला. "फोन शेजारनीला द्या. बिगीनं!"

शेजारीण फोनवर आली तशी बायडाबाई ओरडूनच सांगायला लागली, "साखर आना, मूठभर, पान्यात कालवून आत्ता पाजा! उपास-बिपास काय न्हाय. आदी साखर, मग भाकरी. आनि दवाखान्यात न्या, गोळ्या आनि पाल्याची पुडी दोनी घिऊन. गोळी आपल्या मनानं बंद न्हाय करायची, डाक्टर सांगंल तसं. पर सगळं सांगायचं त्येला, वराडला तरी!"

पलीकडं धावपळ झाली. भांडं पडल्याचा आवाज आला. कुणीतरी "पी गं, पी" म्हणत होतं. फोनच्या दुकानातली माणसं बायडाबाईकडं बघत होती, तिला त्याचं भान नव्हतं. बराच वेळ पलीकडून नुसते आवाजच येत राहिले. मग कुणीतरी फोन उचलला.

"कोन गं तू?" म्हातारीच होती. आवाज अजून कापत होता, पण त्याला धार आली होती. "आनि माझा उपास का मोडलास?"

बायडाबाईला हसू आणि रडू एकदम आलं. तिनं फोन चनबसाप्पाच्या कानाला लावला. "अक्का," तो एवढंच म्हणाला आणि पुढचं सगळं ऐकतच राहिला. अक्का त्याला कानडीतून झोडपत होती.

फोन ठेवून तो बाहेर आला तो दुकानाकडं वळलाच नाही. तसाच यष्टी स्टँडच्या रस्त्याला लागला, वडगावची गाडी धरायला. दुकान सताड उघडं, गादीवर पुड्या पसरलेल्या. बायडाबाईनं शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं, पायरीवरच्या त्याच्या चपला उचलल्या, आणि "आप्पा, आवं आप्पा" म्हणत भर बाजारातून त्याच्यामागं पळत सुटली.